खैरागढला जायचं म्हणतेस तर

सेक्टर 6, भिलाई

सोनू,

तुझ्या आईचा फोन आणि तुझा लांबलचक मेसेज एकाच संध्याकाळी आले. तिला हवं होतं, "संगीतात एम.ए. करून पुढे काय?" याचं उत्तर. तुला हवं होतं, "दोन वर्षांत मी मैफलीइतकी तयार होईन का?" याचं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही होणार. तरीही तू खैरागढच्या संगीत विद्यापीठात जावंस असंच मला वाटतं.

दोन वर्षं म्हणजे चार सेमिस्टर. त्यातून परीक्षा, सुट्ट्या आणि युवा महोत्सवाच्या तालमी वजा कर. वर्गात मुलांची पट्टी काळी एक, तुमची काळी चार. एकाला सांगून होतं तोवर दुसऱ्याचा सूर थंड पडतो. अभ्यासक्रमातले राग यादीप्रमाणे पुढे सरकत राहतात. पूरिया आणि मारवा नीट वेगळे होण्याआधी सोहनी दारात उभा. यात कुणा शिक्षकाचा दोष नाही. विद्यापीठाचं घड्याळ असंच चालतं, आणि गळ्याचं घड्याळ त्याच्याशी कधी जुळत नाही.

मग जायचं कशाला? गाण्याच्या सहवासात दोन वर्षं राहायला मिळतं म्हणून. नागपुरात तुला क्लास, कॉलेज, बस आणि शेजारच्यांच्या टीव्हीतून रियाजाला तास काढावा लागतो. खैरागढ लहान गाव. तिथे गाणं शिकायला आलेल्या मुलीने पहाटे तानपुरा छेडला तर कुणी भुवया उंचावत नाही. आणि त्या गावाला आपल्या लोकांनी परकं मानू नये. राजा वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांनी लहानपणीच गेलेल्या मुलीच्या, इंदिरेच्या नावाने आपला राजवाडा या विद्यापीठाला दिला. स्थापनेची तारीख 14 ऑक्टोबर 1956. त्याच दिवशी तुमच्या नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हा नागपूर आणि खैरागढ एकाच मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूरच. अडीच आठवड्यांनीच राज्यपुनर्रचना झाली आणि हद्द मध्ये आली. पुढे लगेचच्या वर्षांत तिथे कुलगुरू म्हणून आले ते आपले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, मुंबईचे, भातखंड्यांचे शिष्य आणि बडोद्याला फैयाझ खाँसाहेबांकडे शिकलेले.

रातंजनकरांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुझ्या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे. खैरागढच्या आधी ते लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य होते. ते कॉलेज भातखंड्यांच्या पुढाकाराने 1926 मध्ये निघालं. वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तकं, परीक्षा, सगळं रीतसर. पण त्यातून जे मोठे निघाले त्यांच्यातले के. जी. गिंडे बघ. बेळगावकडच्या बैलहोंगलचा अकरा वर्षांचा मुलगा 1936 मध्ये लखनौला गेला आणि रातंजनकरांच्या घरीच राहून शिकला. म्हणजे एकाच माणसाच्या हाताखाली कॉलेजही होतं आणि गुरूचं घरही. "संस्थेत गाणं मरतं" असं म्हणणारे तुला रोज भेटतील. त्यातले निम्मे स्वतः कुठेच शिकलेले नसतात. संस्थेत गाणं मरत नाही, पण तास संपल्यावर पेटी बंद करून जो उठतो त्याचं मरतं.

म्हणून प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एकदा तिथे जाऊन ये. नागपूरहून राजनांदगाव किंवा डोंगरगढला उतरायचं आणि पुढे बस. कार्यालयात चौकशी नंतर कर, आधी वर्गाबाहेर उभी राहून ऐक. ज्यांचा आवाज, ज्यांची बढत आपल्या गळ्यात यावी असं वाटेल असे एक शिक्षक सापडले, तर प्रवेश घे आणि तासानंतरचा वेळ त्यांच्याकडे माग. लाजू नकोस. नुसतं "सर, कधी येऊ?" विचारून भागत नाही, काय तयार केलंय ते गाऊन दाखव, मग वेळ मिळतो. आणि दोन वर्षं एकाच गायकीला धरून राहा. रात्री यूट्यूबवर किशोरीताई आणि सकाळी भीमसेनजी, हे ऐकायला ठीक आहे, गायला नाही.

आता आईसाठी. शाळेतल्या नोकरीला एम.ए. लागतंच असं नाही. केंद्रीय विद्यालयात प्राथमिकला संगीत शिक्षक व्हायला संगीतातली पदवी चालते, आणि ती तुझ्याकडे येतेच आहे. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तरला खुल्या वर्गासाठी 55 टक्के आणि नेट. कलावंतांसाठी आणखी एक वाट नियमांत ठेवली आहे, नामवंत गुरूकडची तालीम आणि आकाशवाणीची 'ए' श्रेणी. पण ती श्रेणी वय आणि घाम दोन्ही मागते. जागा थोड्या निघतात आणि अनेकजण वर्षानुवर्षं अतिथी व्याख्याते म्हणून तासांवर राबतात, हेही तिला स्पष्ट सांग. लपवून मिळवलेली परवानगी दुसऱ्याच वर्षी मागे घेतली जाते. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं विशारद तुझं झालंय, त्याला कुठे किती मान्यता आहे ते प्रत्येक जाहिरातीत वेगळं असतं. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आई बुधादित्य मुखर्जींचं नाव काढणारच. भिलाईत संगीताचा विषय निघाला की ते निघतंच. 1955 साली इथे जन्मले, रायपूरला धातुशास्त्रात इंजिनीअर झाले आणि सतारीत जगभर गाजले. तेव्हा आधी काहीतरी पोटापाण्याचं शिक, गाणं सोबत होईल, हा तिचा मुद्दा. आमच्या गावात प्रत्येक कोपऱ्यावर आयआयटीचे क्लास, त्यामुळे ही गोष्ट इथे फार लाडकी आहे. पण तिचा पहिला अर्धा भाग कुणी सांगत नाही. त्यांचे वडील विमलेंदु मुखर्जी पोलाद कारखान्यात होते आणि स्वतः इमदादखानी सतारीचे आचार्य होते, पुढे खैरागढचे कुलगुरूही झाले. त्या मुलाची तालीम घरातच, कळत्या वयाच्या आधीपासून. तुझ्या घरात तुझे बाबा स्टेट बँकेत आणि आई गॅसवरचं दूध बघत. तेव्हा ते उदाहरण आदराने ऐक आणि बाजूला ठेव.

शास्त्राच्या पेपरांना तुम्ही मुलं नाकं मुरडता, ते मला पटत नाही. उद्या शिकवायचं म्हणशील तर श्रुती, थाट, रागांचे कालभेद याबद्दल चार वाक्यं स्वतःची बोलता यायला हवीत. इथे तुला एक फायदा आहे. भातखंड्यांनी 'हिंदुस्तानी संगीत पद्धती'चे चारही भाग मराठीत लिहिले, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. खैरागढच्या वर्गातल्या बहुतेकांना ते हिंदीतून वाचावे लागतात. तू मूळ वाच. भातखंडे वकील माणूस, पुरावा मागितल्याशिवाय काही मानत नाहीत. उस्तादांना प्रश्न विचारताना त्यांची चिकाटी दिसते. गाइड मात्र विकत घेऊ नकोस. घेतलंसच तर मला दाखवू नकोस.

लघुशोधप्रबंध करायची वेळ आली तर "अमुक यांचे संगीतातील योगदान" हा विषय टाळ. अशा प्रबंधांनी कपाटं भरली आहेत आणि त्यात योगदान सोडून सगळं असतं. इथे हाताशी असलेलं काही घे. खैरागढला लोकसंगीताचाही विभाग आहे, तिथे जाऊन बस. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाईंचं गनियारी आमच्या भिलाईपासून फार लांब नाही. शाळेत न शिकलेली बाई, पंडवानी आजोबांकडून ऐकून उचलली, बायकांनी बसून गायचं या रीतीला न जुमानता उभी राहून कापालिक शैलीत गायली. याच भिलाईच्या कारखान्याने तिला नोकरी दिली आणि 2019 मध्ये पद्मविभूषण मिळालं. तिचं गाणं एम.ए.च्या मोजमापात बसवून बघ; कुठे बसत नाही ते लिहिलंस तरी एक चांगला प्रबंध होईल. हा विषय मी तुझ्यावर लादत नाही. छत्तीसगडात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतली भजनं, हाही विषय कुणी नीट हाताळलेला मला दिसलेला नाही.

पैशांचं. आई नवा लॅपटॉप घेऊन देते म्हणाली असेल तर तिला सांग, जुना चालेल, तानपुरा हवा. मिरजेहून घ्या, बायकांच्या पट्टीचा, आणि स्वतः जाऊन वाजवून घ्या. जवारी फोटोत दिसत नाही. डब्यातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा प्रवासाला ठेव. रोज तारा लावायला लागलीस की पहिल्या दोन महिन्यांत तुझा षड्ज किती हलतो ते तुलाच ऐकू येईल, आणि त्याचा त्रासही होईल.

शनिवार-रविवार माझ्याकडे यायचं. मागच्या खोलीत पेटी आहे, खालच्या क्वार्टरमधला मुलगा तबला बरा वाजवतो, पण विलंबित एकतालात घाई करतो. तू त्याला धरून ठेव. नागपूर विद्यापीठातून मायग्रेशन सर्टिफिकेट काढायला आत्ताच अर्ज दे, ऐनवेळी तेच अडतं. मूळ गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून आण आणि दोन-दोन झेरॉक्स वेगळ्या ठेव. येण्याचा दिवस ठरला की कळव, दुर्ग स्टेशनवर काकांना पाठवते.

तुझी,
मावशी