गोठलेल्या जलाशयावर

अमेरिकेच्या पश्चिम भागातील यूटा राज्यात वॉसॅच नावाची उंच पर्वतरांग दक्षिणोत्तर पसरलेली आहे. या रांगेच्या पलीकडील खोऱ्यात ऑग्डेन नदीच्या तीन शाखा एकत्र येतात. तेथेच नदीच्या अरुंद घळईच्या तोंडाशी १९३७ साली एक धरण बांधून पूर्ण झाले व १९५७ साली त्याची उंची वाढविण्यात आली. या धरणामागे साठलेल्या पाण्यास पाइनव्ह्यू जलाशय असे म्हणतात. उन्हाळ्यात या पाण्यावर नावा फिरतात. थंडीचा कडाका वाढला म्हणजे मात्र हेच पाणी गोठून जाते आणि जेथे नावा फिरत होत्या तेथे माणसे पायी चालू लागतात. पाठीवर पिशवी, हातात गिरमिट व बसावयास एक लहानशी पेटी एवढे सामान घेऊन ती निघालेली असतात मासे धरावयास!

बर्फाखाली मासे जिवंत कसे राहतात, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. बहुतेक द्रव पदार्थ जसजसे थंड व्हावेत तसतसे जड होत जातात. पाणीही तसेच जड होते, पण केवळ ४ अंश सेल्सिअसपर्यंत. त्याहून अधिक थंड झालेले पाणी उलट हलके होऊ लागते व वरच राहते. आणि त्याचा बर्फ झाला म्हणजे तो तर पाण्यावर तरंगतोच. त्यामुळे जलाशय वरून खाली गोठत जातो. वरचा हिमस्तर खालच्या पाण्याची ऊब धरून ठेवतो आणि तळाशी ४ अंशांच्या आसपास उष्णता असलेले पाणी मोकळे राहते. पाण्याने हा गुण सोडला असता, तर उथळ तळी तळापासून वरपर्यंत गोठून गेली असती व त्यांतील जीवसृष्टीचा एका हिवाळ्यातच अंत झाला असता.

नैसर्गिक सरोवरावरील बर्फापेक्षा धरणाच्या पाण्यावरील बर्फ अधिक फसवा असतो. धरणाचे पाणी माणसाच्या गरजेप्रमाणे सोडले वा अडविले जाते. पातळी खाली गेली की काठाजवळचा बर्फ अधांतरी राहून तडकतो. नदीच्या शाखा जेथे जलाशयास मिळतात, तेथे वाहत्या पाण्यामुळे तो पातळ राहतो, आणि वर पडलेल्या भुसभुशीत हिमामुळे हा पातळपणा डोळ्यांना दिसतही नाही. माणसाने पायी जावयाचे तर स्वच्छ, पारदर्शक बर्फाचा थर निदान ४ इंच जाड असावा, असा संकेत आहे. पांढुरका बर्फ याच्या निम्म्यानेच बळकट असतो. म्हणून तो दुप्पट जाड असावा लागतो. जाणते लोक थोड्याथोड्या अंतरावर भोक पाडून जाडी मोजीत पुढे सरकतात, एकटे जात नाहीत आणि गळ्यात दोरीने बांधलेले दोन अणकुचीदार खिळे बाळगतात. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडलाच, तर हे खिळे कडेला रोवून त्याला स्वतःस वर ओढून घेता येते. गुळगुळीत बर्फावर नुसत्या हातांना पकड मिळत नाही, आणि गारठलेल्या हातांतील शक्ती काही मिनिटांतच नाहीशी होते.

जागा ठरली म्हणजे गिरमिटाने भोक पाडावयाचे, त्यातील बर्फाचा चुरा झाऱ्याने काढून टाकावयाचा आणि हातभर लांबीच्या काठीने बारीक दोरी खाली सोडावयाची. दोरीच्या टोकाला लहानसा गळ, त्यावर शिशाचा मणी व एखादी अळी. आमिष तळाशी पोहोचले की ते किंचित वर उचलून थरथरवीत ठेवतात. हल्ली ध्वनिलहरींच्या साहाय्याने खालचे मासे दाखविणारी यंत्रे निघाली आहेत. पण मासा दिसणे निराळे आणि तो गळाला लागणे निराळे!

या भोकातून बहुधा वर येतो तो पिवळा पर्च. सोनेरी पिवळ्या अंगावर गडद उभे पट्टे व पाठीवर काटेरी पर असलेला हा मासा ओंजळीत मावेल एवढा असतो व खावयास अत्यंत रुचकर लागतो. तो थव्याने तळाजवळ फिरतो, दिवसाउजेडी आमिष घेतो व अंधार पडताच स्वस्थ होतो. थंड पाण्यात त्याच्या शरीराचे सारे व्यापार मंदावलेले असल्यामुळे तो गळाला हिसका देत नाही. दोरी किंचित हलते, इतकेच. ती हालचाल ओळखण्यातच या मासेमारीचे सारे कौशल्य आहे.

परंतु पर्चचा एक दोष आहे, आणि तो म्हणजे त्याची अमाप वीण. वसंत ऋतूत मादी पाणवनस्पतींवर हजारो अंड्यांची फितीसारखी लांब माळ सोडते. खाणाऱ्या मोठ्या माशांचा धाक नसेल, तर पर्चची संख्या इतकी वाढते की कोणालाच पोटभर अन्न मिळत नाही व सारे मासे खुरटे राहतात. पाइनव्ह्यूमध्ये हा धाक ‘टायगर मस्की’ नावाच्या माशाचा आहे. मस्कलंज व उत्तरेकडील पाइक या दोन शिकारी माशांचा हा संकर होय. मस्कलंज हे नाव मूळचे ओजिब्वे या आदिवासी लोकांच्या भाषेतून आलेले आहे. संकरित मस्कीच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात, जबडा चपटा व दातांनी भरलेला असतो आणि खेचराप्रमाणे तो वांझ असतो. हा वांझपणा येथे सोयीचाच ठरला आहे. मस्की आपण होऊन वाढत नाही. पिले जितकी सोडावीत तितकीच त्याची संख्या. पण याचा दुसरा अर्थ असा की पकडणाऱ्यांनी हात आवरला नाही, तर त्याची जागा घेणारे कोणी पाण्यात जन्मत नाही. म्हणून ४० इंचांहून, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटरांहून, लहान मस्की पाण्यात परत सोडलाच पाहिजे, असा तेथे नियम आहे.

कधी कधी असे घडते की पर्च वर ओढला जात असता दोरी एकाएकी जड होते. खालून आलेल्या मस्कीने पर्चच तोंडात धरलेला असतो. पुष्कळदा त्याच्या दातांनी दोरी तुटते. न तुटलीच, तर मात्र खरी कसोटी लागते. शून्याखालील हवेत माशाचे नाजूक कल्ले व डोळे गोठून निकामी होऊ शकतात. तेव्हा त्याला बर्फावर टाकून कौतुक करीत बसणे म्हणजे त्याला मारणेच होय. जाणता मासेमार त्याचे डोके भोकातील पाण्यातच ठेवतो, चिमट्याने गळ सोडवितो आणि लांबीचा अंदाजही तेथल्या तेथे घेतो.

या बाबतीत निसर्गाने मस्कीला एक देणगी दिली आहे. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. मस्कीच्या वाताशयापासून घशापर्यंत एक नळी असते व तीमधून तो जादा हवा बाहेर टाकू शकतो. पर्चला अशी नळी नाही. खोल पाण्यातून झटकन वर आणलेल्या पर्चचा वाताशय फुगतो व सोडून दिला तरी त्याला खाली जाता येत नाही. म्हणून खोल पाण्यातून काढलेला पर्च सहसा टोपलीत जातो आणि लहान मस्की पाण्यात. त्याचे तोंड खाली करून भोकात धरले की क्षणभर तो निश्चल राहतो. मग शेपटीचा एकच फटकारा बसतो, मासेमाराचे हातमोजे भिजतात आणि पट्टेरी अंग बर्फाखालच्या काळोखात दिसेनासे होते.