पडदा शिवण्याआधी

अमळनेर,
चैत्र वद्य पंचमी

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा मिळाला. हात लावला की दिवा लावणारा आणि ऊन आलं की आपोआप सरकणारा पडदा! दोनदा वाचला. तीस वर्षं पडदे शिवतोय, म्हणून चार शब्द हक्कानं लिहितो.

कापडानं आपल्याला उत्तर द्यावं, ही कल्पना आपल्या घराला नवी नाही. तुझे पणजोबा इथल्या प्रताप मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. साच्याला एक लहान काटा असायचा. आडवा धागा शाबूत असला की तो दर फेरीला काट्याला मागे ढकलायचा. धागा तुटला की काट्याला अडवणारं काही उरायचं नाही, त्याची शेपटी आकड्यात अडकायची आणि साचा जागच्या जागी थांबायचा. पणजोबा हे बोटांनी करून दाखवायचे. कापड विणता विणता स्वतःची खबर देत होतं, आणि त्याला विजेची तारही लागत नव्हती.

दुसरं उदाहरण वाळ्याच्या पडद्याचं. एक लिटर पाणी सुकताना जवळजवळ दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेतं. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो, पण हवा कोरडी असते, म्हणून भिजवलेल्या वाळ्यातून येणारी झुळूक गार लागते. हाच पडदा मुंबईच्या दमट खोलीत लाव, नुसता ओला लोंबत राहील. तेव्हा आधी गाव बघ, खिडकीची दिशा बघ. ज्या खोलीसाठी पडदा करणार आहेस तिथे दुपारी दोन ते पाच नुसती बसून राहा. ऊन कुठून कुठे सरकतं, घरातलं कोण किती वेळा उठून पडदा ओढतं, हे वहीत लिही. सर्किट त्यानंतर.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. एका घरी मोटरचे पडदे बसवले होते. भर दुपारी लाईट गेली तेव्हा पडदे उघडे होते आणि पश्चिमेचं ऊन थेट आजींच्या पलंगावर. हातानं ओढायची दोरी मी ठेवलीच नव्हती. मी पोचलो तोवर त्यांनी स्टुलावर चढून खिडकीला चादर खोचली होती. त्या वयात, स्टुलावर! तुझ्या पडद्याला दोरी हवीच. वीज गेली तरी तो पडदा राहिला पाहिजे.

आता धाग्याचं. वीज वाहणारा धागा परदेशातून मागवायचा म्हणतेस. 1997 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी कापडातून वीज खेळवण्याचे प्रयोग मांडले, तेव्हा त्यांनी रेशमावर धातूची पत्ती गुंडाळलेलं ऑर्गंझा वापरलं होतं. असं कापड भारतात निदान शंभर वर्षं विणलं जातंय, हे त्यांनीच नोंदवलंय. म्हणजे आपली जरच! खऱ्या जरीत चांदी असते, टेस्टेड जरीत तांबं. प्लॅस्टिकच्या जरीवर मात्र विसंबू नकोस, ती नुसती चमकते. दुकानात जाताना मल्टिमीटर पर्समध्ये ठेव आणि घेण्याआधी दोन टोकांना लावून बघ. घडी जिथे रोज मोडते तिथे पत्ती तुटते, म्हणून जर घडीच्या आडवी नेऊ नकोस.

धुण्याचा विचार तुझ्या आराखड्यात कुठेच नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. आपल्या धुळीत पडदा महिन्यातून एकदा तरी धुवावा लागतो. बॅटरी आणि सर्किट टिचबटणांवर बसव. टिचबटण धातूचं असतं, त्यातूनच वीज जाते, आणि धुण्याआधी सगळं टक्‌टक् काढून ठेवता येतं. शिवाय वीज पाच व्होल्टच्या वर नेऊ नकोस, आणि वाळ्याच्या ओल्या पडद्याजवळ तर अजिबात नको.

आखाजीला येशीलच. मागच्या खोलीची पश्चिमेची खिडकी तुझ्यासाठी मोकळी ठेवलीये, मापं घेतलेली नाहीत, ती तूच घे. माझ्या आईच्या लग्नातल्या शालूचा काठ पेटीत आहे. जर पार काळवंडलीये. काल सहज मीटर लावला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत काटा हलला.

तुझा,
मामा