पंपाच्या नळीत शिरणारी हवा

पोहण्याच्या तलावातील पाणी दिसावयास स्थिर असले, तरी ते फिरते ठेवावे लागते. पंप ते शोषून घेतो, गाळणीतून पार करतो व पुन्हा तलावात सोडतो. हे अभिसरण मंदावले की पाणी गढूळ होते व जंतुनाशक क्लोरीन सर्वत्र पोहोचत नाही. तळ दिसेनासा झाला तर बुडणारे मूलही काठावरील रक्षकाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणून पंपाने ‘एअर धरणे’ हा बिघाड क्षुल्लक मानू नये.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः पाण्यास ढकलते ते वातावरण. चूषक पंपाने पाणी सुमारे १० मीटरांहून वर चढत नाही, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली. पुढे टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीच्या साहाय्याने दाखविले की, हा भार हवेचा दाबच तोलून धरतो.

पंप चालू असता शोषनळीतील दाब बहुधा वातावरणाच्या दाबाहून कमी असतो. पंपापलीकडील नळीत तो अधिक असतो. पलीकडील नळीस भोक पडले तर पाणी बाहेर उडते. शोषनळीस भोक पडले तर बाहेरची हवा आत शिरते. पाण्याचा थेंबही गळत नाही. त्यामुळे दोष दडून राहतो.

त्याच्या खुणा मात्र स्पष्ट असतात. पंपाच्या जाळीवरील पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसतात, तलावात परत येणाऱ्या पाण्याबरोबर हवा येते, दाबमापकाचा काटा थरथरतो.

प्रथम तलावातील पाण्याची पातळी पाहावी. ती शोषमुखापर्यंत उतरली असेल, तर तेथूनच हवा ओढली जाते. पाणी भरणे हाच उपाय. पातळी योग्य असेल, तर पंप चालू ठेवून झाकणाची कड, पंपाजवळचा आट्यांचा सांधा व व्हॉल्व्हचा दांडा यांवर क्रमाने साबणाचा दाट फेस लावावा. जेथे फेस आत ओढला जाईल, तेथे छिद्र आहे असे समजावे. शोषनळ्या अनेक असतील, तर एका वेळी एकच बंद करावी. जी बंद करताच बुडबुडे थांबतात, तिच्यात दोष असतो.

दुरुस्तीपूर्वी विजेचा प्रवाह तोडावा. झाकणाखालील रबरी कडे पुसावे, त्यास सिलिकोनचे वंगण लावावे. चिरलेले कडे बदलावे. खनिज तेलाच्या वंगणाने अनेक जातींचे रबर फुगते, म्हणून ते टाळावे. आट्यांचा सांधा उकलून नवी टेफ्लॉन पट्टी गुंडाळावी. तडकलेला प्लॅस्टिकचा तुकडा कापून नवा जोडणे श्रेयस्कर. वरून लुकण फासणे तात्पुरतेच ठरते.

एक धोका विसरू नये. आत शिरलेली हवा गाळणीच्या टाकीत साठून दाबली जाते. दर चौरस सेंटिमीटरवर १ किलोग्रॅम जादा दाब असेल, तर १,००० चौरस सेंटिमीटरच्या झाकणावर १,००० किलोग्रॅम वजनाइतका रेटा येतो. पाणी फारसे दबत नाही. दबलेली हवा मात्र ताणलेल्या कमानीसारखी उसळते आणि सैल झाकण उडवू शकते. यास्तव पंप बंद करून, वरील हवेची तोटी उघडून, काटा शून्यावर आल्यावाचून टाकीस हात लावू नये. पंप पुन्हा सुरू करतानाही ती तोटी उघडी ठेवावी व तीतून अखंड पाण्याची धार येऊ लागली, म्हणजेच बंद करावी.