जालन्यात रीफ टाकी: स्टँड, सम्प आणि खर्चाचा खरा हिशेब

समुद्रापासून रस्त्यानं सुमारे चारशे किलोमीटर दूर, मे महिन्यात पारा बेचाळीसवर जाणाऱ्या जालन्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची असेल, तर पहिला पैसा माशांवर घालू नका. तो स्टँड आणि सम्पवर, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या टाकीवर घाला. बाकीचं जवळपास सगळं मुंबई-पुण्याहून किंवा कुरिअरनं येतं आणि त्याच्या किमतीवर आपला ताबा नसतो. स्टँड आणि सम्प मात्र आपल्या गावात, आपल्या मापानं, डोळ्यांसमोर बनवून घेता येतात. टाकी टिकते की बुडते हेही बरंचसं या दोन वस्तूंवर ठरतं.

हिशेबासाठी २४ इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच अशी टाकी धरू. काठोकाठ भरली तर तिच्यात १२७ लिटर पाणी मावतं. वरचा मोकळा भाग आणि दगड वजा जाता साधारण १०० ते १०५ लिटर उरतं. आठ मिलिमीटर काचेच्या टाकीचं वजन २५ किलो. दगड, वाळू, खालचा सम्प आणि त्यातलं पाणी मिळून जमिनीवर २३० ते २५० किलो भार येतो, तोही जेमतेम तीन चौरस फुटांत. स्लॅबच्या घरात टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा. जुन्या जालन्यात अजून माळवदाची घरं आहेत. तिथं ती तळमजल्यावरच हवी.

स्टँडसाठी दीड इंची, म्हणजे ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप घ्या. जालना स्टीलचं गाव असलं तरी इथल्या भट्ट्यांतून निघते ती मुख्यतः बांधकामाची सळई. चौकोनी पाइप बाहेरून येतो आणि लोखंडाच्या दुकानात किलोवर विकला जातो. त्यामुळे ‘गावातच बनतं, स्वस्त पडेल’ ही अपेक्षा ठेवू नका. आपला फायदा वेगळा आहे. औद्योगिक वसाहतीमुळे इथं वेल्डिंग जाणणारे हात आणि पावडर कोटिंगची सोय दोन्ही हाताशी मिळतात.

३० इंच उंचीचा स्टँड धरला, तर चार पाय, वरची व खालची चौकट आणि प्रत्येक चौकटीत एक आडवी पट्टी मिळून २७ फूट पाइप लागतो. फॅब्रिकेशनवाल्याला ‘चौदा गेज’ सांगा, म्हणजे दोन मिलिमीटर जाडी. त्या जाडीत स्टँडचं वजन १९ ते २० किलो भरलं पाहिजे. अठरा गेजचा पाइप वापरला तर तेच वजन बारा किलोवर येतं. रंग लागल्यावर दोन्ही स्टँड सारखेच दिसतात. म्हणून रंग देण्याआधी स्टँड काट्यावर ठेवायला सांगा आणि पैसे किलोवर ठरवा. भार पेलायला पातळ पाइपही पुरतो, हे खरं आहे. पण वेल्डिंगच्या वेळी तो जळून भोकं पडतात आणि मिठाचं पाणी आधी तिथंच शिरतं. जाडी गंजासाठी हवी.

वरची चौकट चारही पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. पायांच्या बाजूला टाके मारून ती लटकवली, तर सगळा भार वेल्डिंगवर येतो. सांधे पूर्ण वेल्ड करून घ्या. नुसत्या टाक्यांवर पुट्टी फिरवून वर रंग मारलेला स्टँड परत करा. पाइपची उघडी तोंडं पत्र्यानं बंद करा, मागच्या बाजूला एक तिरपी पट्टी घाला आणि खाली उंची जुळवणारे बोल्ट लावा. समोर आडवा पाइप फक्त वर आणि खाली असावा. मध्ये काही आलं तर सम्प आत सरकणार नाही. पाइप आणि मजुरी मिळून २,५०० ते ३,५०० रुपये, पावडर कोटिंग किंवा इपॉक्सी प्रायमरवर दोन हात रंग यासाठी ५०० ते ८००, वर १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणि त्यावर फोमची शीट यासाठी ८०० ते १,०००. प्लायवर आयएस ७१० हा शिक्का बघून घ्या. सगळं धरून चार ते पाच हजारांत स्टँड उभा राहतो. स्टेनलेस स्टीलचा आग्रह धरू नका. २०२ ग्रेड खाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही, ३०४ वरही कालांतरानं डाग पडतात आणि खर्च मात्र दुपटीहून पुढे जातो.

सम्प ही या टाकीची खरी यंत्रशाळा. मुख्य टाकीतलं पाणी ओसंडून पाइपनं खाली येतं, गाळलं जातं, घाण फेसावाटे काढणाऱ्या स्किमरमधून फिरतं आणि पंपानं परत वर जातं. आपल्या स्टँडच्या आत २० बाय १४ बाय १४ इंचांचा सम्प बसतो. त्यात ६४ लिटर मावतात, पण पाणी आठ इंचांपर्यंतच ठेवायचं, म्हणजे सुमारे ३७ लिटर. वरचे सहा इंच रिकामे कशाला, असं काचवाला हमखास विचारतो. लाइट जाते तेव्हासाठी, हे त्याला सांगा.

पंप थांबला की मुख्य टाकीतलं पाणी खाली यायला लागतं. २४ बाय १८ इंचांच्या टाकीत पाण्याचा एक इंच म्हणजे सात लिटर. परतीच्या पाइपचं तोंड पाण्याखाली एक इंच असेल, तर ओव्हरफ्लोचा भाग धरून साधारण अकरा लिटर आणि पाइपांतलं तीन-चार लिटर, असं पंधरा लिटर पाणी सम्पमध्ये उतरतं. आपल्याकडे २७ लिटरची जागा मोकळी आहे, म्हणजे भीती नाही. पण तेच तोंड पाच इंच खाली ठेवलं, तर चाळीसएक लिटर खाली येईल आणि बरंचसं फरशीवर जाईल. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडा. पाणी त्याच्या खाली गेलं की हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. त्या भोकात शेवाळ साचू देऊ नका. टाकी भरली की मासे आणण्याआधी मेन स्विच मुद्दाम बंद करून सम्प कुठवर भरतो ते पाहा. त्या रेषेवर बाहेरून खूण करा आणि पुढं कधीही चालू पाण्याची पातळी वाढवू नका.

सम्पचे तीन कप्पे करा. पहिला गाळणपिशवी आणि स्किमरचा, मधला दगड किंवा समुद्री शेवाळाचा, शेवटचा पंपाचा. बाष्पीभवनानं कमी होणारं पाणी फक्त शेवटच्या कप्प्यात घटताना दिसतं. तो सहा इंच रुंद असेल, तर वापरता येणारे चार इंच म्हणजे अवघे साडेपाच लिटर. उन्हाळ्यात जालन्यात अशी टाकी रोज तीन लिटर पाणी उडवू शकते. म्हणजे दोन दिवस लग्नाला गेलात की पंप कोरडा पडला. यावर स्वस्त इलाज आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो: शे-दीडशे रुपयांचा फ्लोट व्हॉल्व्ह. वर वीस लिटरचा कॅन, त्यातून बारीक नळी, आणि शेवटच्या कप्प्यात व्हॉल्व्ह. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं. त्यामुळे कॅनमध्ये कायम गोडं पाणीच भरायचं.

सम्पला सहा मिलिमीटरची काच, आडव्या काचांसह बारा चौरस फूट लागते. कडा घासून घ्या. सिलिकॉन घेताना ट्यूबवर बुरशीरोधक असं लिहिलेलं किंवा बाथरूमसाठीचं घेऊ नका. ते माशांना विषारी ठरतं. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं काचेचं सिलिकॉन चालतं, पण पाणी भरण्याआधी आठवडाभर सुकू द्या. काच, सिलिकॉन, मजुरी मिळून दोन ते अडीच हजार, फार तर २,८०० रुपये. मुख्य टाकी ओव्हरफ्लोची भोकं पाडून साडेतीन ते साडेचार हजारांना होते. टफन काच नको, तिला नंतर भोक पाडता येत नाही.

प्लंबिंगमध्ये एकच नियम, पण तो मोडायचा नाही: पितळ आणि तांबं कुठंही नको. तांब्याचा अंशही कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना मारतो. हार्डवेअरच्या दुकानात नळजोडणीसाठी आत पितळी आटे असलेलं फिटिंग हमखास पुढं केलं जातं. ते नाकारा, टँक निपल आणि बॉल व्हॉल्व्ह दोन्ही प्लास्टिकचेच घ्या. खाली येणारा पाइप एक इंची, परतीचा पाऊण इंची. जमल्यास खाली येणारे दोन पाइप ठेवा, एक तुंबला तर दुसरा सांभाळतो. सगळं मिळून हजार ते दीड हजार. याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) धरा, १,८०० ते २,५०० रुपये. खारं पाणी आणि वीज शेजारी ठेवताना इथं काटकसर करायची नाही.

आता उष्णता. प्रवाळ आणि मासे २५ ते २७ अंशांत खूश असतात. जालन्यातली बंद खोली मे महिन्यात ३६-३८ अंशांवर असते. चिलर हा खात्रीचा उपाय आहे, पण तो २२ ते ३५ हजारांचा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेची इथं मदत होते. घरातला कूलर जसा काम करतो, तसाच सम्पवर तिरपा लावलेला छोटा पंखा काम करतो. एक लिटर पाणी उडताना जी उष्णता घेऊन जातं, ती शंभर लिटर पाणी सुमारे सहा अंशांनी थंड करण्याइतकी असते. खोलीची उष्णता परत आत शिरते, त्यामुळे प्रत्यक्षात तीन-चार अंशांचा फरक पडतो. त्याच खोलीत कूलर लावला, तर हवा दमट होऊन पंख्याचा उपयोग निम्म्यावर येतो. टाकी कूलरच्या खोलीत नकोच. पंखे, कॅन आणि व्हॉल्व्ह यांना हजार-दीड हजार धरा. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींसाठी एक हीटरही लागेल.

पंखा लावला की पाण्याचा खर्च वाढतो आणि जालन्यात तो हलका प्रश्न नाही. शहराला पाणी पैठणच्या जायकवाडीहून येतं आणि नळाला रोज येत नाही. बोअरचं जड पाणी टाकीत थेट घालता येत नाही. आरओचं पाणी डीआय रेझिनच्या कार्ट्रिजमधून काढून टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याच्या जवळ आणावं लागतं. कार्ट्रिजला हजार-दीड हजार. एका लिटरमागे आरओ दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. ते बादलीत धरून फरशी, संडास, गाडी यांसाठी वापरा. ज्या गावानं टँकरचे उन्हाळे पाहिले, तिथं शौकासाठी पाणी गटारात सोडणं योग्य नाही. ज्या महिन्यांत घरात टँकर येतो, त्या महिन्यांत आपली टाकी परवडते का, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या.

बाकी सामान पटकन सांगतो. परतीचा पंप २,००० ते ४,५००, स्किमर सहा ते दहा हजार, वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा पंप) १,५०० ते २,५००, दिवे सहा ते बारा हजार, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर १,५०० ते २,५००, चाचणी किट २,५०० ते ३,५००, हीटर ५०० ते ८००. मीठ लिटरला ३७ ग्रॅमच्या हिशेबानं सुरुवातीला पाच किलोच्या वर, म्हणजे १,५०० ते २,५०० रुपये. दगड आणि वाळू चार ते सहा हजार. स्टँड-सम्प-प्लंबिंगचा भाग आरसीसीबी धरून साडेआठ ते बारा हजारांत बसतो. काचेच्या टाकीसह सगळी उभारणी मासे सोडून ४० ते ६५ हजार, आणि चिलर घेतला तर ६२ हजारांपासून लाखापर्यंत. हे भाव घासाघीस करताना हाताशी ठेवायचे अंदाज आहेत. प्रत्येक कामाला दोन ठिकाणी लेखी कोटेशन घ्याच. विजेचे महिन्याला साधारण ४५ युनिट, चिलरसह शंभरच्या आसपास. ही युनिट बिलाच्या वरच्या टप्प्यात मोजली जातात, हे विसरू नका.

दगडांबद्दल थांबून बोललं पाहिजे. विक्रेते ज्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात, तो बऱ्याचदा फोडलेला प्रवाळच असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे आहेत. आपल्याच मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे आणि तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. किनाऱ्यावरून तोडून आणलेलं काहीही विकत घेऊ नका, कितीही स्वस्त असो. परदेशी संरक्षित जाती पाळण्यासाठी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विक्रेत्याकडे आयातीचे कागद आणि पक्कं बिल नसेल तर तिथून उठा. कृत्रिम दगड घ्या. मासे हॅचरीत वाढवलेले मागा. क्लाउनफिशचं प्रजनन केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं आपल्या देशातच यशस्वी केलं आहे. मुंबईहून मासे आणायचे असतील तर रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस सोयीची. प्राणवायू भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या पेटीत ठेवल्या की पहाटेच्या गारव्यात जालना येतं.

हे सगळं उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू करू नका. दिवाळीनंतर स्टँड करा, पाणी फिरतं ठेवा, दगडांवर उपयोगी जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे द्या. पहिल्या वर्षी दोन क्लाउनफिश आणि थोडे कणखर जीव एवढंच ठेवा. आणि चिलर व इन्व्हर्टर यांपैकी एकच परवडत असेल, तर इन्व्हर्टर आधी घ्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मे महिन्याच्या रात्री पाणी फिरायचं थांबलं, तर मासे काही तासांत गुदमरतात. परतीचा पंप आणि वेव्हमेकर मिळून ३०-३५ वॉट घेतात आणि १५० एएचची चांगली बॅटरी तेवढा भार रात्रभर सहज ओढते. त्या जोडणीवर दिवे आणि चिलर लावू नका.