फाशीच्या आधी चौकशी : दानिएलने शिकवलेला धडा



उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी मिस्सामध्ये आपण सुसान्नाची कथा ऐकतो (दानिएल, अध्याय 13). दोन वयस्क न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात. माणसे वजनदार आणि साक्षीदार दोन, म्हणून सभा विश्वास ठेवते व तिला मरणदंड देते. तिला वधासाठी नेत असताना तरुण दानिएल लोकांना अडवतो. चौकशी न करताच तुम्ही हिला दोषी कसे ठरवले, असे विचारतो. मग दोघांना वेगळे करून तो एकच प्रश्न करतो : कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघे दोन वेगळ्या झाडांची नावे घेतात आणि खोटे उघडे पडते.

वरवर पाहता सभेने नियम पाळला होता. दोन साक्षीदार हवे होते, ते मिळाले (अनुवाद 19:15). पण त्याच अध्यायात न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी अशीही आज्ञा आहे. तिचा मात्र सर्वांना विसर पडला.

आपल्या राज्यातली घटना

हे सर्व जुन्या काळी घडले असे कोणी समजू नये.  नाशिक जिल्ह्यात 5 जून 2003 च्या रात्री शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांना ठार मारण्यात आले, स्त्रियांवर अत्याचार झाले. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा हा गुन्हा होता. ह्या प्रकरणी भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांवर खटला चालला. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली.

त्याच सर्वोच्च न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्या दिशेने तपास झालाच नाही. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. पण फासाच्या छायेत घालवलेली वर्षे कोण भरून देणार? आणि मधल्या काळात फाशी झाली असती तर भरपाई कोणाला दिली असती?

आणखी एक गोष्ट विसरू नका. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली म्हणजे खरा गुन्हेगार मोकळा राहिला. म्हणून हा त्या मृत कुटुंबावरही अन्याय आहे.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

काइनाने सख्ख्या भावाचा खून केला, तरी त्याला कोणी मारू नये म्हणून परमेश्वराने त्याच्यावर खूण केली (उत्पत्ती 4:15). संत थॉमस अक्वायनस ह्यांनी समाजाच्या रक्षणासाठी मरणदंड मान्य केला होता, हे खरे आहे. सडलेला अवयव शरीर वाचवण्यासाठी कापावा, तसा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु आज गुन्हेगाराला न मारताही समाजाचे रक्षण करता येते. म्हणूनच संत पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी 1995 च्या विश्वपत्रात म्हटले की, मरणदंड खरोखर अटळ ठरावा असे प्रसंग आता जवळपास उरलेलेच नाहीत. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद 2267 बदलला. मरणदंड मानवी प्रतिष्ठेवर आघात करतो, म्हणून तो स्वीकारता येत नाही, अशी आता ख्रिस्तसभेची स्पष्ट शिकवण आहे.

आयोग कशासाठी?

2009 आणि 2013 मध्ये महाराष्ट्रातील दोन खटल्यांचे निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने फाशीचा अभ्यास विधी आयोगाने करावा असे सुचवले. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ऑगस्ट 2015 मध्ये आपला 262 वा अहवाल दिला. दहशतवादाचे गुन्हे व देशाविरुद्ध युद्ध वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारस त्यात होती. ती अमलात आली नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही फाशी कायम आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालानुसार फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे 74 टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते.

मग राज्यात वेगळा आयोग का? कारण पोलीस आणि तुरुंग हे विषय राज्याचे आहेत, आणि वरील प्रकरणातली चूक तपासातच झाली होती. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फाशीच्या तेरा कैद्यांची शिक्षा चुकीची ठरली. तेव्हा स्वतः फाशीचे समर्थक असलेले गव्हर्नर जॉर्ज रायन ह्यांनी 2000 मध्ये फाशी थांबवून आयोग नेमला. 2002 मध्ये आयोगाने पंच्याऐंशी सुधारणा सुचवल्या आणि 2011 मध्ये त्या राज्याने फाशीच रद्द केली. महाराष्ट्रालाही असा आयोग नेमता येईल. तपास कसा झाला, गरिबाला वकील कधी व कसा मिळाला, सारख्या गुन्ह्याला सारखी शिक्षा झाली का, एवढे तरी तो तपासून पाहील.

काही जण विचारतील, "फादर, तुमच्या घरी असे घडले असते तर?" हा प्रश्न रास्त आहे. रडणाऱ्या आईपुढे आपण कायद्याची पुस्तके उघडू नयेत. तिच्याजवळ बसावे, तिला मदत करावी. पण तिला हवा असतो तो खरा गुन्हेगार. हाती सापडलेला कोणीही चालत नाही. दानिएलने जमावाला थांबवले तेव्हा त्याने न्यायाचीच बाजू घेतली.

घरी व गटात चर्चेसाठी

1. सुसान्नाची कथा घरी एकत्र वाचा. लोकांनी चौकशीशिवाय विश्वास का ठेवला?
2. भटक्या जमातीच्या माणसाविषयी आपल्या गावात चोरीची शंका किती पटकन घेतली जाते?
3. गुन्ह्यात बळी पडलेल्या कुटुंबासाठी आपला धर्मग्राम काय करू शकेल?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तुलाही खोट्या साक्षीवरून मरणदंड झाला. न्याय देणाऱ्यांना विवेक दे, दुःखी कुटुंबांना धीर दे आणि आम्हांला दगड उचलण्याआधी थांबायला शिकव. आमेन.

– तुमचे धर्मगुरू