बालकाचा भयगंड व शिक्षकाचे कर्तव्य

सापापासून दूर राहणे ही सावधगिरी. परंतु निरुपद्रवी बेडकाच्या धास्तीने शाळाच टाळणे हा भयगंड होय. तळेगाव दाभाडे परिसरात पाऊस सुरू होताच वाटेवर बेडूक दिसू लागतात. त्या दिवसांत एखादा बालक गैरहजर राहू लागल्यास त्यास आळशी ठरविण्यापूर्वी कारण शोधावे. थट्टेने भय लपते, जात नाही. बळजबरीने ते दृढ होते. आणि टाळण्याची सवय लागल्यास वाढतच जाते.

अमेरिकेतील मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशास भिणाऱ्या पीटर नामक बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचा खाऊ खात असता ससा दिवसेंदिवस थोडा जवळ आणला जाई. अखेर पीटर सशास स्वतः कुरवाळू लागला.

शिक्षकांनीही हाच क्रम अनुसरावा. प्रथम बेडकाचे चित्र दाखवावे, नंतर अंगणातील बेडूक दुरून, मग काही पावले जवळून. प्रत्येक पायरीवर बालकाचे मन शांत होईपर्यंत थांबावे व पुढील पायरी त्याच्या संमतीनेच घ्यावी. इतके करूनही शाळा बुडत राहिल्यास पालकांस विश्वासात घेऊन मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास सुचवावे. भय हा बालकाचा अपराध नव्हे, हे शिक्षकाने प्रथम ओळखले पाहिजे.