मित्रांना मित्र जास्त!

राहात्याच्या पेरूच्या बागा मागे टाकून एखादा मुलगा पवईच्या आयआयटीत किंवा पुण्याच्या सीओईपीत दाखल होतो. वसतिगृहात त्याला काय दिसते? पवईत कोणी डिसेंबरातल्या 'मूड इंडिगो' महोत्सवाच्या तयारीत असतो. पुण्यात कोणी मुळा नदीवर होडी वल्हवीत असतो. त्याला वाटते, 'सर्वांना भरपूर मित्र आहेत, मीच तेवढा एकटा!' अशा नामांकित संस्थांत अभ्यास आणि मित्रमंडळ यांचा मेळ बसतो का? कोणाचा बसतो, कोणाचा नाही. पण नुसत्या नजरेने केलेला अंदाज मात्र हमखास चुकतो. का, ते पाहू या.

समजा, अ, ब, क, ड, इ असे पाच विद्यार्थी आहेत. 'अ'ची इतर चौघांशी मैत्री आहे. शिवाय ब आणि क एकमेकांचे मित्र आहेत. म्हणजे मित्रांची संख्या अनुक्रमे ४, २, २, १, १. बेरीज १०, सरासरी २.

आता प्रत्येकाने आपल्या मित्रांना किती मित्र आहेत, ते मोजावे. अ : २+२+१+१ = ६. ब : ४+२ = ६. क : ४+२ = ६. ड : ४. इ : ४. एकूण २६. मोजलेले मित्र १०. म्हणून 'मित्रांच्या मित्रांची' सरासरी २.६! 'अ' सोडून चौघांनाही वाटणार, आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र आहेत.

असे का व्हावे? पुष्कळ मित्र असलेला 'अ' चौघांच्या यादीत येतो, तर 'इ' एकाच यादीत. मोठी संख्या पुन्हा पुन्हा मोजली जाते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये ही गंमत दाखवून दिली.

दुसरे कारण साधे आहे. गप्पा आणि खेळ चारचौघांत होतात. रडू मात्र बंद खोलीत येते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले : विद्यार्थी आपल्या सोबत्यांच्या दुःखाचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी करतात.

तेव्हा उद्या तुम्ही वसतिगृहात गेलात आणि एकटे वाटले, तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. शेजारच्या खोलीतल्यालाही कदाचित तसेच वाटत असेल. दार ठोठावून पाहा. मन फारच जड झाले, तर घरी किंवा शिक्षकांना अवश्य सांगा.

करून पाहा : पाच खडे घ्या. ज्या दोन खड्यांची मैत्री, त्यांच्यामध्ये एक काडी ठेवा. वरचा हिशेब पडताळा. मग पाचही खडे गोलात मांडून प्रत्येकाला फक्त शेजारच्या दोघांशी जोडा. आता दोन्ही सरासऱ्या किती येतात? का?